अडखळणं काढून टाकलेलं गाणं

तिचे वडील बोलताना अडखळायचे. घराबाहेर पडताना ‘येतो’ हा एवढासा शब्द म्हणायलासुद्धा त्यांना दोन-दोनदा सुरुवात करावी लागे. ‘ये… ये… येतो.’ तोवर चपला घालून झालेल्या असत. शेवटच्या दिवशी रुग्णवाहिकेत चढवतानाही ते तेच म्हणत होते. दोन ‘ये’ झाले, ‘येतो’ राहूनच गेलं.

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायची आणि रविवारी सकाळी मावसभावाकडे जाऊन गाणी लिहायची. तो घरच्या पुढच्या खोलीत मुलांना कीबोर्ड शिकवायचा. अकरा वर्षं दोघांचं असं चाललं होतं. शब्द तिचे, चाल त्याची. गाणं नोंदवायचं कुठे, अर्ज कुठला, कुणाला ऐकवायचं, ते सगळं तो बघायचा. ती म्हणायची, “कागदाचं तू बघ बाबा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

वडील गेल्यावर सहा महिन्यांनी तिने ते दोन ‘ये’ वहीतून आणले.

“पहिला ‘ये’ मुलीचा आहे,” तिने समजावलं. “ती वडिलांना बोलावतेय. दुसरा त्यांचा, ते अडखळलेत. मग थांबायचं. तिथे काही वाजवू नकोस.”

“रिकामं वाटेल, ताई.”

“वाटू दे.”

त्याने मात्रा मोजल्या आणि चार मात्रा मोकळ्या सोडल्या. पुन्हा वाजवलं तेव्हा त्याचेच डोळे भरून आले. “तुझे शब्द ऐकले आणि चाल आपोआप आली,” तो म्हणाला. नेहमीप्रमाणे तिचा फोन कीबोर्डवर रेकॉर्डिंग करत पडला होता.

पुढे चार महिन्यांनी, दुपारी, दुकानातल्या टीव्हीवर घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात लागली. एक हसरा माणूस खोकं घेऊन जिना चढत होता आणि मागे गाणं चालू होतं : ‘येतो येतो, दारात येतो’. चाल तीच होती. मोकळ्या चार मात्रांत टाळ्या भरल्या होत्या. तिच्या हातातल्या काचेची कड घासायच्या चाकावर उडाली. गिऱ्हाइकाला तिने उद्या यायला सांगितलं.

दुकान सुटल्यावर ती थेट त्याच्याकडे गेली.

“बस ना, ताई. मी सांगणारच होतो.”

“कधी?”

“कंपनीला एकाच माणसाची सही हवी होती. दोन नावं म्हटली की त्यांचे वकील घोळ घालतात. म्हणून शब्द आणि चाल, दोन्हीकडे माझंच नाव टाकलं. तुझा वाटा मी ठेवलाय.”

“वाट्याचं कुणी विचारलं? त्यातले बाबा कुठे गेले?”

तो कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत राहिला. “ते अडखळणं लोकांना कळत नाही गं. रेकॉर्डिंग अडकलंय असं वाटतं त्यांना.”

“मला विचारायचंस.”

“मावशीला विचारलं होतं मी.”

मावशी म्हणजे तिची आई. ती उठली आणि घरी येऊन तिने आईला विचारलं.

आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने नाकारलं नाही. “विचारलं होतं त्याने. मीच म्हटलं, काढ ते.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू नाही म्हणाली असतीस.” आईने उशीचा अभ्रा मांडीवर सरळ केला. “चाळीस वर्षं मी त्यांची वाक्यं पुरी केली. बँकेत, बाजारात, तुझ्या शाळेत, लोक हसायच्या आत. ते तू गाण्यात घालून चारचौघांत मांडलंस. मला विचारलं होतंस?”

तिने ढिगातला एक टॉवेल ओढून घडी घातली. मग ती म्हणाली, “माझं नावही काढायला तूच सांगितलंस?”

“नावाचं मला माहीत नव्हतं,” आई म्हणाली. ते खरं असावं. पण त्यामुळे काही हलकं झालं नाही.

गीतकारांच्या संघटनेच्या कचेरीतल्या बाईंनी तिची वही आणि फोनमधलं रेकॉर्डिंग तपासलं. ‘तुझे शब्द ऐकले’ हे त्याच्या आवाजातलं वाक्य त्यांनी दोनदा ऐकलं. “एवढं पुरेसं आहे,” त्या म्हणाल्या. “पण पुढच्या वेळी गाणं झालं की त्याच दिवशी लिहून घ्या, कुणाचं काय आणि किती. दोघांच्या सह्या घ्या. परक्यांशी आपण घेतोच. नात्यातल्यांशी आधी घ्या.”

“त्याला नोटीस जाईल?”

“जाणारच.”

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, परत आली आणि तिने अर्ज भरला.

सात महिन्यांनी गीतकार म्हणून तिचं नाव लागलं. जाहिरातीचा करार आधीच झालेला, त्यामुळे टाळ्या तशाच राहिल्या. मावसभावाने तक्रारीला विरोध केला नाही आणि नंतर फोनही केला नाही. आई अधूनमधून एकटीच त्याच्याकडे जाऊन यायची. तिथला विषय घरी काढायची नाही, आणि हीसुद्धा विचारायची नाही.

पावसाळ्यानंतर ती एका निवृत्त संगीतशिक्षिकेकडे जाऊ लागली. पहिल्याच दिवशी, पेटीचं झाकण उघडायच्या आत, तिने कुणाचा वाटा किती, ते लिहिलेला कागद पुढे ठेवला.

बाई हसल्या. “अजून एक ओळ झाली नाही. विश्वास नाही का?”

“सवय लावून घेतेय,” ती म्हणाली.

बाईंनी चष्मा लावून सगळा कागद वाचला आणि सही केली. मग दोघी दोन तास बसल्या. बाईंचा हात गोड होता, कान तयार होता, आणि कुठे थांबायचं हे त्यांना न सांगता कळत होतं. तिने तीन ओळी दिल्या. चौथी, सगळ्यांत चांगली, वहीच्या पुढच्याच पानावर लिहिलेली होती. “आज एवढंच सुचलंय,” असं म्हणून तिने वही मिटली.