बराखीतली टिपणं

एकादशीचा दिवस होता. सयाजीआप्पा ओट्यावर उन्हाला बसून चहा पीत होते आणि आत माजघरात हर्षालीचा फोन बोलत होता. तो इतक्या भरभर बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, तापल्या तेलात मोहरी पडली. हर्षालीला मात्र त्यातला शब्दन् शब्द कळायचा. तिची नजर नवव्या वर्षी तापात गेली. पुण्याच्या अंधशाळेत ती बारावीपर्यंत शिकली आणि पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा हा आवाज घेऊन घरी आली. आता ती एकोणतीस वर्षांची होती.

तिच्या फोनवर पोथीचं एक अ‍ॅप होतं. त्यात ओवी काढायची, ओवीखाली आपलं टिपण लिहायचं, टिपणांचे कप्पे करायचे. बोट फिरेल तसा आवाज सांगायचा, "ओवी. टिपण. जतन करा." दोन बटणांना मात्र अ‍ॅप करणाऱ्यानं नावच दिलं नव्हतं. तिथं बोट गेलं की आवाज नुसता "बटण" म्हणायचा. सुरुवातीला त्यापायी तिची चाळीसेक टिपणं गेली. मग तिनं जागा पाठ केली. "डावीकडचं मारतं, उजवीकडचं लपवतं," असं ती हसत सांगायची. उजवीकडचं दाबलं की टिपण संग्रहात जायचं आणि यादीत दिसेनासं व्हायचं.

"आप्पा, आजचं झालं. उघडा तुमचा फोन."

दोघांच्या फोनवर खातं एकच होतं. ती इकडं लिहायची, ते आप्पांच्या फोनवर सगळ्यात वर येऊन बसायचं. आप्पा वरचं टिपण उघडत आणि वाचत. मोठ्यानंच वाचत, कारण त्यांना मनात वाचता यायचं नाही. अक्षर त्यांना पन्नाशीनंतर आलं, तेही हिच्या फोनमुळं. ओळीवर बोट ठेवलं की आवाज शब्द बोलायचा, आप्पा त्यामागं बोलायचे. दोन उन्हाळे असे गेले आणि मग आवाजाची गरज उरली नाही. सवय तेवढी राहिली. अक्षर दिसलं की तोंडातून बाहेर. आधी आवाज निघायचा, अर्थ मागून यायचा.

दर एकादशीला देवळात पोथी लागायची आणि आप्पा अर्थ सांगायचे. ओतूरपासून माणसं ऐकायला यायची. कुणीतरी त्यांचं बोलणं मोबाइलवर घेतलं, ते तालुकाभर फिरलं. हे तुम्हाला सुचतं कसं, असं कुणी विचारलं की आप्पा वर हात जोडायचे. खोटं ते बोलले नव्हते. खरंही कधी सांगितलं नव्हतं.

ठकूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "दहाला पावणं येत्याली. हर्षे, तुझं आवारलं का?"

"आवरायला काय आहे, आई? मला कोण बघणार?"



पाहुणे येणार होते धाकट्या तेजस्विनीला बघायला. सहा वर्षांपूर्वी तिला पहिलं स्थळ आलं, तेव्हा हर्षाली चहा घेऊन बाहेर आली होती. पाहुणे चहा पिऊन गेले आणि मागून निरोप आला, "एक पोरगी तसली हाय, म्हंजी रक्तातच असंल." तेव्हापासून पाहुण्यांचा पाय घराला लागायचा असला की हर्षाली घरामागच्या, कांदा साठवायच्या बराखीत जायची. मग स्थळ असो, साखरपुड्याची बोलणी असोत, की मोठ्या घरचं हळदीकुंकू असो. तेजस्विनीच्या बायोडाटात बहिणीचा रकाना नव्हताच. गावाला हे ठाऊक होतं. गावानं त्याला शहाणपण म्हटलं.

"आई, मला पटत नाही हे," तेजस्विनी वेणी घालताना म्हणाली.

"तुला पटून काय करायचंय? पटवून पावण्यांना द्यायचंय."

आप्पांनी हर्षालीचा हात धरून तिला बराखीत नेलं. नवा कांदा भरलेला होता, वास डोळ्यांत जात होता. पोत्यावर बसल्यावर ती म्हणाली, "कडी लावू नका, आप्पा. मी काय बाहेर येते का?"

"वारं लई हाय. दार वाजतंय."

वारं नव्हतं. ते तिलाही कळत होतं. आप्पांनी कडी लावली आणि बंडी झटकून ते ओट्यावर आले.

पाहुणे अवसरी खुर्दहून आले. नवरामुलगा अमृत, त्याची आई साळुबाई आणि मामा बाळासाहेब. मामा माळकरी. एकादशीची साबुदाण्याची खिचडी झाली, प्रश्न झाले. तेजस्विनीनं शिक्षण सांगितलं, स्वयंपाक येतो म्हणून सांगितलं. साळुबाईंना पोरगी पसंत पडली हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ठकूबाईंचा जीव भांड्यात पडत चालला होता.

"आप्पा," बाळासाहेब म्हणाले, "खरं सांगू का, मी पोरगी बघाय न्हाई आलो, तुमाला बघाय आलो. पाण्याचं तुमी बोललाय ना, पाणी कुठल्याच वाफ्याला न्हाई म्हनत न्हाई, कुनाचा वाफा कोरडा ठिवायचा ते दारं धरनारा ठरिवतो. मी धा येळा ऐकलंय ते."

आप्पांनी वर हात जोडले.

"आमाला सांजपातुर थांबता न्हाई यायचं. देवळात आज काय सांगनार, ते दोन शब्द हितंच ऐकवा की राव."

आप्पा सुखावले. असला व्याही मिळायला नशीब लागतं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी फोन काढला, चष्मा लावला, अ‍ॅप उघडलं आणि नेहमीसारखं सगळ्यात वरचं टिपण उघडून अक्षराखाली बोट धरलं.

"मी आत्ता ब... रा... खीत आहे. ही अकरावी वेळ. नवा कांदा भरलाय, म्हणून डोळ्यांतून पाणी येतंय. ते कांद्याचं आहे. बाहेर तेजूला बघायला पाहुणे आलेत. बायोडाटात आप्पांना एकच मु... मुलगी..."

तिथं अर्थ येऊन पोचला. बोट थांबलं.

चहाची बशी हातात धरून साळुबाई म्हणाल्या, "बराखीत कोन हाय?"

"कुनी न्हाई वो," ठकूबाई घाईनं म्हणाल्या. "त्ये पोथीतलंच हाय कायतरी."

"पोथीत कांदं?"

कुणी हसलं नाही. आप्पांना वाटलं, आत्ताही सावरता येईल. पोरांनी फोनवर कायतरी घालून ठेवलंय, एवढं म्हटलं तरी भागेल. शब्द जिभेवर आलेही. तेवढ्यात खुर्चीवर मान खाली घालून बसलेली तेजस्विनी उठली.

"माझी थोरली बहीण आहे ती. हर्षाली. तिला दिसत नाही, म्हणून पाहुणे आले की तिला कोंडून ठेवतात. मीही गप्प बसले. आता नाही बसायचं मला."

आप्पा उठले. ओट्यापासून बराखीपर्यंत चाळीस पावलं होती. रोजची वाट, पण आज त्यांना कुठं पाय ठेवावा ते कळेना. कडी काढताना ती दोनदा निसटली.

हर्षाली पोत्यावर तशीच बसलेली होती. एका कानात तार, मांडीवर फोन.

"पाहुणे गेले?"

"न्हाई. बसल्यात."

"मग उघडलं कशाला?"

"चल भाईर."

"कोण म्हणून?"

  तिच्या ओढणीला कांद्याची साल चिकटली होती. ती आप्पांनी काढली आणि एवढंच म्हणाले, "माझी म्हनून. चल."

ओट्यावर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर तिला हाताला धरून उभं केलं. "ही माझी थोरली. आनि बाळासाहेब, ते पान्याचं मी न्हाई, हिनं लिवलंय. सगळंच हिचं हाय. मी निसता बोलतो."

बाळासाहेबांनी हर्षालीकडं पाहिलं, मग साळुबाईंकडं. घसा खाकरून म्हणाले, "जन्मापासनं हाय का?"

"न्हाई, न्हाई," आप्पा पुढं झाले. "नवव्या वर्सी ताप आलता. रक्तात न्हाई कायबी. डाक्टरचा कागद..."

"आप्पा, तो कागद नका काढू," हर्षाली म्हणाली. "जन्मापासून असते, तर मला कोंडणं बरोबर झालं असतं का?"

 बाळासाहेबांनी टोपी नीट केली. "कळवतो," म्हणाले. दहा वेळा ऐकलेलं ते पाणी त्यांच्या बांधापर्यंत येऊन तिथंच थांबलं. अमृत सगळ्यांत शेवटी उठला. काहीतरी बोलावं असं त्याच्या तोंडावर होतं. पण मामा चालू लागले तसा तोही चपला घालून गेला. गाडी आळेफाट्याला पोचली नसेल तोवर निरोप आला, योग नाही.

ठकूबाई चुलीपाशी जाऊन बसल्या. "समदं घालिवलं," एवढंच त्या पुटपुटत होत्या. मग हर्षाली शेजारी येऊन बसली आणि ताटातली राहिलेली खिचडी खायला लागली, तशा त्या गप्प झाल्या. सकाळपासून पोरीला कुणी खिचडी दिली नव्हती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

दुपारी आप्पांनी विचारलं, "अकरावी म्हन्लीस. आधीची धा कुठं हायती?"

"संग्रहात. दर वेळी तिथं बसून लिहायची, कप्प्याचं नाव 'बराखी' आणि मग उजवीकडचं बटण. म्हणजे तुम्हाला दिसत नाही."

"आन आज?"

हर्षालीनं फोनच्या काचेवरून अंगठा फिरवला. "आज नाही दाबलं. तुम्ही वरचंच वाचता, ते मला माहीत होतं. तेजूचं मोडलं त्यामुळं. त्याचं मला वाईट वाटतंय. पण दाबवलं नाही."

आप्पांनी फोन तिच्या हातात दिला. "काढ ती समदी भाईर."

तिनं काढली. आवाज सांगत गेला, "टिपण परत आणलं. टिपण परत आणलं." आप्पा मोजत होते. दहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सांजच्याला देवळात हीच वाचू का?"

"माझ्यासमोर वाचणार असाल तर. आणि गाळायचं नाही काही."

संध्याकाळी देवळात नेहमीची माणसं जमली. आप्पांनी हर्षालीला बायकांच्या रांगेत सोडलं नाही, माइकपाशी स्वतःशेजारी बसवलं. पोथीला हात लावून ते म्हणाले, "आजपातुर मी जे सांगत आलो ते माझं न्हवतं, या पोरीचं व्हतं. मी तुमाला कधी बोललो न्हाई. आज बी तिचंच वाचनार हाय." मग बोट धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं टिपण, पहिली कडी. दुसऱ्यात लिहिलं होतं, पाहुण्यांचं लहान मूल बराखीच्या फटीतून बघून ओरडलं, आत कोणतरी आहे, आणि बाहेरून आप्पांचा आवाज आला, कुत्रं असंल. आप्पा त्या शब्दावर अडले. अक्षर तर सोपं होतं. हर्षालीनं हळूच सांगितलं, "कुत्रं." मग त्यांनी तो शब्द उच्चारला.

चौथं टिपण संपता संपता वीणेकरी रामनाथ पुढं सरकला आणि माइक हातानं झाकून म्हणाला, "आप्पा, बास. घरातलं घरात ठिवावं मानसानं."

आप्पांनी त्याचा हात बाजूला केला.

"घरातच ठिवलं व्हतं, रामनाथ. कडी लावून."

मंडपात कुणी मान वर केली नाही. बायकांच्या रांगेत भागूबाईनं तोंडाला पदर लावला. तिच्या घरची, बाहेरून कडी असलेली मागची खोली सगळ्या गावाला ठाऊक होती. आप्पांनी चष्मा पुसला, बोट पुढच्या ओळीखाली धरलं. अजून सात टिपणं राहिली होती.