सहा वणांचा पाइन

जंगल जाळायला मी होकार दिला तो फक्त त्या एका पाइनसाठी. जळक्या लाकडात किड्यामुंग्यांचं भलं होतं म्हणे. होऊ दे, मला काय त्याचं!

घरामागच्या चढावर तो उभा आहे. बुंध्यावर जुन्या वणव्यांचे सहा वण. आमच्या घरात नवी सून आली की तिला आधी तो पाइन दाखवायचे, मग गोठा. मलाही सासूनं, एवर्टच्या आईनं, तसंच नेलं. माझा हात वणावर टेकवून म्हणाली, "हा सहादा भाजलाय, तरी उभा आहे. तू आमच्या थंडीला रडलीस तर हसेल तुला." ती गेली, मग एवर्टही गेला. उरलो मी आणि हा.

शंभरेक वर्षं तिथे आग लागू दिली नाही कुणी. जरा धूर दिसला की अख्खं गाव बादल्या घेऊन धावायचं. मग स्प्रूसची दाट झाडं माजली, पार त्याच्या खांद्याला लागली. त्यांच्या सावलीत त्याचं एक पोर रुजेना. म्हणून हिल्लेवी, ती जंगल जाळण्याचं काम बघते, दारात आली तेव्हा मी म्हटलं, "जाळ बाई. पण याला काही झालं तर माझ्याशी गाठ आहे."

"काकू, याला मोकळं करायलाच तर जाळतोय," ती म्हणाली.

पोरगी कामाला चोख. जाळायच्या दिवशी तिनं पाइनभोवतीचं शेवाळ पाण्यानं इतकं भिजवलं की माझे बूट चिंब झाले. स्प्रूस तडतडत पेटले. आग पाइनपाशी आली आणि निमूट वळून गेली. मी सगळ्यांना कॉफी आणि दालचिनीचे पाव नेऊन दिले. आनंदानं रडलेसुद्धा, वेडी कुठची.

पाणी वरच्या वर राहिलं होतं. खाली शंभर वर्षांचा साठलेला पाला, कोरडा ठणठणीत. त्यात विस्तव शिरला आणि धूरही न दाखवता मुळांशी धुमसत राहिला. पूर्वी आग अधूनमधून यायची, तो थर साठायचाच नाही. आम्हीच आगी विझवून विझवून त्याच्या पायाशी सरण रचलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात शेंडा तांबडा पडला. राखेत मात्र जांभळी फुलं, कधीपासून जमिनीत निजलेल्या बियांची. हिल्लेवीची माणसं खूश होती. ती एकटीच माझ्या स्वयंपाकघरात आली, हात कोपरापर्यंत काळे.

"मुळं गेली, काकू. पाला तळापर्यंत उकरून काढायला हवा होता. मी पाण्यावर विसंबले." मग हळूच म्हणाली, "पण उभा वाळलेला पाइन म्हणजे किती जिवांना..."

"गप बस."

ती रडायला लागली. मला तिला जवळ घेववेना.

"तोडून टाकते," मी म्हटलं. "रोज खिडकीतून नाही बघवत मला."

"जळालेलं काही तोडायचं नाही, असं ठरलंय ना आपलं. आणि तो पडणार नाही, काकू. अजून शंभर-दोनशे वर्षं असाच उभा राहील."

म्हणजे मी गेल्यावरही तो असणार, मेलेला. आणि त्याच्या वणावर हात टेकवायला या घरात आता कुणी सून यायची नाही.

सकाळी सुतारपक्षी येतो आणि त्याच्यावर ठोकायला लागतो. मी नळ सोडते, भांडी आपटते. तरी ऐकू येतंच.