सरांची फाईल

डोंगरकड्याच्या विहारामागं पत्र्याची एक खोली आहे. तिला सगळे अभ्यासिका म्हणतात. तिथले चार कॉम्प्युटर धम्मानंद सरांनी बसवले, आणि गेल्या वर्षी सर वारल्यापासून सपना ते सांभाळते.

सरांची आई सोजराबाई रोज दुपारी तीनला यायची. कॉम्प्युटरमधलं तिला ओ का ठो कळत नसे. पासवर्डची चौकट उमटली की मागं केळीच्या बागेचा फोटो दिसे. सरांनीच तो सकाळच्या उन्हात काढलेला, म्हणून त्यात त्यांची लांब सावली पडलेली. म्हातारी त्या सावलीकडं बघत घोटभर चहा प्यायची आणि उठून जायची.

आज चौकटीमागं नुसता निळा रंग होता.

सपनाचा जीव खालीवर झाला. तीन वाजायला आले होते. पडदा उमटायच्या आधी चालणारी शेल स्क्रिप्ट तिनं उघडली. स्क्रिप्ट कसली, दहा ओळी. एका फोल्डरमधल्या सेटिंगच्या फायली नंबरानं एकेक करून वाचायच्या, एवढंच तिचं काम. फायली तर जागच्या जागी होत्या. बागेचा फोटो लावायला सांगणारी सरांची फाईल सगळ्यात पहिली. कालच विहारात त्यांचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं, आणि सपनानंच भरल्या मनानं फाईलचा नंबर नव्वदचा एक केला होता. सरांनी शेवटी का पडून राहावं?

पंखा घरघरत होता. तिचे डोळे जडावले. तिला दिसलं, स्क्रिप्ट म्हणजे एक बाई आहे, गल्लीतून दारोदार विचारत चाललीय, फोटो कोणता लावू? पहिल्या दारात सर उभे. "केळीची बाग," ते म्हणाले. बाईनं बाग पदरात घेतली. पुढं शेवटच्या दारातून कुणी म्हणालं, "निळा." बाईनं बाग तिथंच उतरवली आणि निळा घेऊन निघून गेली.

"सपने, झोपलीस व्हय?"

सोजराबाई दारात होती. पडद्याकडं बघून तिचा चेहराच उतरला. "माझं लेकरू कुठं गेलं?"

सपनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, चूक माझीच हाय. म्या सरायला मानानं पहिलं बसवलं. हितं शेवटी सांगंल त्याचंच ऐकतेत."

"पहिलं?" म्हातारी खुर्चीवर टेकली. "काहून पण? पंगत उठल्याबिगर तो कवा जेवला का? वाढून वाढून हात दुखायचे त्याचे. मंग बसायचा, सगळ्यायच्या मागून."

सपनानं डोळे पुसले, फाईलला नव्याण्णव नंबर दिला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पडदा काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला. मग चौकट उमटली. मागं दवानं भिजलेली केळी, आणि वाटेवर ती लांब सावली.

सोजराबाईनं सावलीवर हलकेच बोट टेकवलं.

"बस आता, बाबा," ती म्हणाली. "झालं सगळ्यायचं जेवून."