‘जाते’ म्हणू नये

मी कुकी बोलतेय. खायची नव्हे. महाडच्या एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत, तीन नंबरच्या कॉम्प्युटरमध्ये राहणारी, साइटवर कोण आलंय ते लक्षात ठेवणारी एका ओळीची नोंद, म्हणजे कुकी. बिस्किटाशी माझं नातं फक्त नावापुरतं.

मला जन्म दिला सुम्बुलने. कॅफे तिच्या वडिलांचा. २००४ साली तिने ‘निरोप’ नावाची वेबसाइट केली. ज्यांची माणसं आखातात आहेत त्या बायकांनी इथे यावं, पत्र वाचावं, उत्तर लिहावं. पासवर्ड टाइप करताना बायकांची बोटं अडखळत, म्हणून तिने एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. त्या स्क्रिप्टला तीनच कामं येत: कुकी ठेवणं, वाचणं आणि पुसणं. आत येताना ‘आले’ बटण दाबलं की माझा जन्म, निघताना ‘जाते’ दाबलं की मी पुसली जाणार. कोणीच दाबलं नाही तर तीस दिवसांचं आयुष्य.

माझ्या पोटात एकच नाव होतं, तुडील गावच्या नुरजहाँचं. तिचा नवरा मुराद कुवेतला. ती आली की मी लगेच ओळख द्यायची. पडद्यावर ‘सलाम, नुरजहाँ’ उमटलं की ती पदर सावरून बसे, जणू समोर माणूसच आहे. मला त्याचा फार अभिमान वाटे. आता कळतं, जरा जास्तच वाटत होता.

एका दुपारी मुरादचं पत्र आलं. ‘कंपनी बंद पडली. दुसरं काम शोधतोय. अम्मीला कळू देऊ नकोस, तिचं काळीज नाजूक आहे.’ नुरजहाँने ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि उठून गेली. ‘जाते’ बटण दाबलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर तिची धाकटी जाऊ अरीबा बसली. तिला आपल्या नवऱ्याला लिहायचं होतं. तिने साइट उघडली. मी नेहमीच्या उत्साहाने सांगितलं, नुरजहाँ आली! मला चेहरे कुठे ओळखता येतात? पत्र आपोआप उघडलं. अरीबा मनाने वाईट नव्हती, पण घाबरट होती. नंतर कळलं, घरी जाऊन तिने सासूलाच विचारलं, “भाईंचं काम सुटलं, खरं काय?” म्हातारीने अंथरूण धरलं. जेवण सोडलं.

मुरादचा फोन आला. तो नुरजहाँला एवढंच म्हणाला, “तुला एक गोष्ट पोटात ठेवता नाय आली?” मग आठ दिवस त्याचं पत्र नाही. पोटात न ठेवणारी मी होते, बोल तिला लागला.

नवव्या दिवशी ती कॅफेत आली आणि सुम्बुलसमोर रडलीच. “मी कुनाला सांगितलं नाय गो! आता त्याचा माझ्यावर इस्वास उरला नाय.”

सुम्बुलने कॉम्प्युटरचं फोल्डर उघडलं आणि मी सापडले. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “भाभी, निघताना ‘जाते’ का नाही दाबलंत?”

नुरजहाँ तिच्याकडे बघतच राहिली. “माझा मानूस परदेशात हाय, आन् मी ‘जाते’ म्हनू? घरातून निघताना कुनी जाते म्हनतं व्हय गो? येते म्हनायचं!”

सुम्बुलने जीभ चावली. एवढी शिकली, पण आईने शिकवलेलं विसरली. तिने तिथल्या तिथे बटणावरचा शब्द बदलला. मग मुरादला स्वतःच्या नावाने सगळं लिहून कळवलं.

आज नुरजहाँ पुन्हा आली आहे. मुरादचं पत्र आलंय. ‘चूक माझी. तुझ्यावर उगाच रागावलो. अम्मीला मीच सांगायला हवं होतं. काल फोनवर बोललो, ती जेवली. काम अजून नाही, पण मिळेल.’ ती हसतेय, आणि डोळेही पुसतेय. तिने उत्तर लिहिलं. ते काय लिहिलं, हे मी सांगणार नाही. एवढं तरी शिकले.

आता तिचा हात माउसवर आहे. नव्या बटणाकडे ती बघतेय. उद्या ती ‘आले’ म्हणेल तेव्हा तिचं नाव दुसरीच कुकी पोटात धरेल. तुम्हीही परक्या खुर्चीवरून उठताना आमचा निरोप घेत चला. राग येत नाही आम्हाला.

तिने बटणावर बोट ठेवलं. बरं तर, नुरजहाँ.

येते.