गल्लीकडची बाजू

यशोधरानं स्टुलावर चढून करवत फांदीच्या बुडाशी टेकवली. फांदी मनगटाएवढी जाड होती आणि तिच्यावर पिवळ्या शिरांचं एकही पान नव्हतं.

हा पांगारा तिनंच सोलापूरहून आणला होता, ती वनस्पतिशास्त्र शिकवायची त्या कॉलेजच्या बागेतून. पानापानाच्या शिरांवर पिवळा रंग सांडलेला. गावात असं दुसरं झाड नव्हतं. लावतानाच तिनं वडिलांना बजावलं होतं, "दादा, हिरवा फुटवा दिसला की बुडातून काढायचा. त्याला जोर जास्त. ठेवला तर सगळं झाड गिळतो."

दादांनी मान डोलावली होती. दर दिवाळीला ओसरीतून झाड नुसतं पिवळंधमक दिसायचं. गेल्या दिवाळीला मात्र एक हिरवी डहाळी राहून गेली, आणि सोबत आलेल्या मैत्रिणींसमोर ती म्हणाली, "एवढंही जमत नाही का दादा?" दादा नुकतेच दूध सोसायटीतून आले होते. त्यांनी डहाळी काढली आणि विळ्याचं पातं धोतराच्या सोग्याला पुसत बराच वेळ झाडापाशीच उभे राहिले.

दादा गेले, आणि काल त्यांचा जलदान विधी झाला. पाहुणे पांगल्यावर ती मागच्या दारानं गल्लीत गेली, तेव्हा झाडाची ही बाजू तिला पहिल्यांदाच दिसली. भिंतीवरून बाहेर झुकलेली, सगळीच्या सगळी हिरवी. म्हातारपणी हात पोचला नसेल, असं तिला वाटलं.

दोन फांद्या पलीकडे गल्लीत पडल्या. तिसरी अर्धी कापून झाली तेव्हा भिंतीपलीकडून हाक आली.

"अगं ए यशे! समदंच तोडतीस व्हय?"

शेजारची धुरपदाबाई होती. हातातल्या दोरीला बरगड्या निघालेली शेळी. भादवा सरत आला तरी गावात हिरवं असं काही उगवलं नव्हतं.

"हिरवं ठेवलं तर झाड बिघडतं, काकू."

"बिघडू दी की. दोन वर्सं माझ्या शेळ्या ह्याच पाल्यावर जगल्या. भाऊ, तुझे दादा, रोज सकाळी मोडून द्यायचे. म्हनायचे, ही बाजू गल्लीची, ती बाजू यशीची." धुरपदाबाई हसली. "तुझा लई धाक हुता बग त्यास्नी. तुझं पत्र आलं की आधी विळा घिऊन तुझी बाजू साफ. मला म्हनायचे, धुरपदे, मास्तरीण यायलीय, शेळी दोन दिस आत बांध."

यशोधरा हसली नाही. करवत लाकडात रुतली होती. ती तिनं हळूहळू, जराही ओढ बसू न देता बाहेर काढली. खाली उतरून न्हाणीपाशी गेली, ओंजळभर चिखल आणला आणि चिरेत भरला. मग पोत्याची पट्टी गुंडाळून वरून सुतळी आवळू लागली. पांगाऱ्याच्या काट्यांनी तिचे हात ओरबाडले होते.

"जगंल गं," धुरपदाबाई म्हणाली. "पांगाराच हाय त्यो."

शेळी पडलेल्या फांद्यांवर तुटून पडली होती.

"आता कवा यायची?"

"दिवाळीला."

"मग आधी कळव. भाऊ न्हायीत, पर म्या छाटून ठिवीन तुझी बाजू."

सुतळीची गाठ केव्हाच बसली होती. तरी यशोधरा तिच्यावर आणखी एक गाठ मारत राहिली.

"कळवणार नाही, काकू," ती म्हणाली. "अशीच येईन. मागच्या दारानं."