दोन माळांचा शंख

माघातले ऊन कच्छच्या कड्यांवर उतरते ते केशरी होऊन. कडे पिवळे, कडे तांबूस, कडे राखी. थरावर थर, थरावर थर. जिथे आज घोटभर पाण्यासाठी बकऱ्या कोसभर चालतात, तिथे सोळा कोटी वर्षांपूर्वी नीलगंभीर, ऊबदार, जीवसंकुल समुद्र होता. तो आटला, आणि आपले मेलेले सगळे दगडात ठेवून गेला.

त्या दगडांत निरुपमा खर्डेनवीस बावीस वर्षे एकच गोष्ट शोधत होती. लोक म्हणत, काय ही ज्ञाननिष्ठा! निष्ठा कसली? सूड होता तो. उन्हात रापलेला, छिन्नीबरोबर रोज परजलेला, निखळ सूड.

सव्विसाव्या वर्षी, एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात, तिला तो शंख सापडला होता. ताटाएवढा, वेटोळ्यांवर वेटोळी घेतलेला, अंगावर मोतिया झाक अजून जागी असलेला. त्याच्या दोन्ही अंगांना गोल भोके होती, ओळीने. सुईच्या टोकाने कण कण खडक काढत तिने तीन महिने तो उजळवला, आणि आपले गाइड, प्राध्यापक त्र्यंबक देवस्थळे, यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. हे दातांचे घाव आहेत, असे तिने सांगितले. याला कोणीतरी चावले आहे.

सर हसले. "बाईमाणसाला जिथे तिथे जखमाच दिसतात," ते म्हणाले, आणि शंख कपाटात गेला.

वर्षभरात निबंध छापून आला, एकट्या सरांच्या नावाने. ती भोके म्हणजे त्या प्राण्याची उपजत शोभा, म्हणून ही नवीच जात, असा त्यांचा निष्कर्ष. आणि जातीला दिलेले लॅटिन नाव, अर्थ 'दोन माळांची'. जखमेला त्यांनी दागिना म्हटले होते. ज्या हातांनी तो शंख उचलला त्या हातांचा निबंधात कुठे मागमूस नव्हता. निरुपमाची पदवी तेव्हा सरांच्याच सहीवर अडली होती, म्हणून ती गप्प बसली. पण गिळलेला अपमान काही पचला नाही.

मग आली वर्षे. हिवाळ्यामागून हिवाळे, तंबूमागून तंबू, तळहातांवर घट्ट्यांमागून घट्टे. आटलेल्या समुद्रात कोण कोणाला खात होते, हेच तिने आयुष्याचे शास्त्र केले. चावलेले शंख, फोडलेले शिंपले, अर्धवट गिळून टाकलेले मासे. शेकडो वार तिने मोजले, मापले, रेखाटले. काहींच्या जखमा भरूनही आल्या होत्या. अशा शंखांवरून ती हलकेच बोट फिरवी आणि बाजूला ठेवी. तिच्या व्याख्यानांना गर्दी होऊ लागली, विभागप्रमुखाची खुर्ची आली, केसांत चांदी आली. सगळे आले, ज्याने तो शंख चावला तो जबडा तेवढा येत नव्हता.

बाविसाव्या हिवाळ्यात तोही आला. दोन वीत लांब, काळाकभिन्न, शंक्वाकार दातांचा. समुद्रात पोहणाऱ्या एका प्रचंड, सरड्यासारख्या प्राण्याचा जबडा. तिने त्याचा प्लास्टरचा साचा केला आणि तो घेऊन एका दुपारी संग्रहालयात जाऊन, सरांच्या कपाटातून तिथे पोचलेला तो शंख मागून घेतला. वरचे दात वरच्या माळेत. खालचे दात खालच्या माळेत. किल्ली कुलपात बसावी तसे बसले. निरुपमा त्या एकाकी, धूळभरल्या खोलीत मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आले.

नवी जात वगैरे काही नव्हती. शंभर वर्षांपासून माहीत असलेला साधा शंख होता, चावलेला. आता 'दोन माळांची' हे नाव बाद होणार होते. आणि या शास्त्राची रीत अशी, की बाद झालेले नाव खोडत नाहीत. खऱ्या नावाखाली ते बारीक अक्षरांत लिहितात, देणाऱ्याच्या नावासकट, सालासकट. प्रत्येक नव्या ग्रंथात, पुन्हा पुन्हा.

बातमी देवस्थळ्यांच्या कानी गेली. ऐंशीचे झाले होते ते. चैत्रात त्यांचा सत्कार होता, त्यांच्या नावाच्या दालनात काचेआड तोच शंख विराजमान व्हायचा होता. काठी टेकत ते तिच्या घरी आले. तिने चहा ठेवला. निबंध चैत्र सरेपर्यंत थांबव, अशी त्यांची विनंती होती. बदल्यात भर मंचावर ते सांगणार होते, की शंख निरुपमाने शोधला.

"पुढच्याच वर्षी माझ्या लक्षात आलं होतं," ते कपाकडे पाहत म्हणाले. "तुझंच खरं होतं, निरुपमा."

ज्या वाक्यासाठी ती बावीस वर्षे भुकेली होती, ते आज दारी आले होते. पण सौदा होऊन आले होते. तिने आपला कप खाली ठेवला.

"मग पुढच्याच वर्षी सांगायचं होतं, सर."

त्यांच्यादेखत तिने निबंध लिफाफ्यात घातला. त्यांच्यादेखत त्याला डिंक लावला. निदान त्या बारीक अक्षरांतून तरी आपल्याला वगळ, असे ते पुटपुटले. ते आपल्या हाती नाही, इतकेच तिने सांगितले आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवून ती तशीच पोस्टात गेली.

अंक हाती आला तेव्हा शिरीष फुलला होता. निरुपमाने ती बारीक अक्षरांतली ओळ वाचली. एकदा, दोनदा, मग गोळी चघळावी तशी सावकाश. उद्या कोणी मुलगी त्या ओळीवर बोट ठेवून विचारील, हे देवस्थळे कोण? आणि कोणीतरी तिला सांगेल, ज्यांना साधा चावा ओळखता आला नाही, ते. त्यांना तो ओळखता आला होता, हे जगात एकट्या निरुपमाला ठाऊक होते. आणि ती ते कोणालाही सांगणार नव्हती.

खिडकीबाहेर शिरीष गळत होता; गळत होता, साचत होता, आणि अंगण हळूहळू पुरले जात होते.