पावतीसकट चोरीला

विषय : पेट्रोलवर चालणारे गवत कापायचे एक यंत्र, रंग हिरवा, चोरीस जाऊन सापडलेले, मूळ मालकास परत मिळण्याबाबत.

संदर्भ : मालकांचा अर्ज, तसेच त्यानंतरची स्मरणपत्रे एक ते चार.

वरील विषयातले यंत्र ते मीच. पोलीस चौकीच्या मागच्या आवारात, एक मोडकी मोटारसायकल आणि तीन बेवारशी सायकली यांच्यामध्ये उभा राहून बोलतो आहे. मला बोलायला कोणी सांगितलेले नाही. पण माझ्याविषयी इतक्या जणांनी इतके कागद लिहिले आणि त्यांतल्या एकानेही मला काही विचारले नाही. तेव्हा म्हटले, आपला जबाब आपणच द्यावा. आवाज कापरा वाटला तर सांभाळून घ्या. थरथरणे हा माझा जन्मजात गुण. फरक इतकाच की पूर्वी मी चालू असताना थरथरत असे, हल्ली बंद असतानाही थरथरतो.

माझा जन्म कारखान्यातला. जन्मताच पोटाखाली पत्र्याची एक पट्टी ठोकली आणि तिच्यावर क्रमांक उमटवला. माणसांमध्ये नाव ठेवण्यावरून घरोघर भांडणे होतात म्हणे. आमच्यात ती सोय नाही.

दुकानात मला पाहायला आले ते माझे मालक. एका कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, खिशाला दोन पेने. त्यांनी माझी पाती पाहिली नाहीत, चाके पाहिली नाहीत. म्हणाले, "पावतीवर क्रमांक लिहा. शिक्का मारा. हा पुसट आलाय, परत मारा."

दुकानदार म्हणाला, "काका, मशीन एकदा चालवून तर बघा."

"ते नंतर. आधी शिक्का."

मला आणण्याचे कारण मात्र कागदी नव्हते. मालकीणबाईंना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. डाव्या हातापायांनी राजीनामा दिला होता; जिभेने एका दिवसाचीही रजा घेतली नव्हती. डॉक्टरांनी सांगितले होते की मऊ, सपाट जमिनीवर रोज चाळीस पावले चालायची. फरशीवर नको, पडल्या तर हाड मोडेल. घरामागे जमीन होती, पण गवत गुडघ्याएवढे. ते कापून मागच्या दारापासून कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत एक पट्टा तयार ठेवायचा, हे माझे काम.

मालक मला ढकलत, बाई पायरीवर बसून देखरेख करत.

"अहो, मशीन सरळ चाललंय. वाकडे तुम्ही चालताय."

"जमीन उंचसखल आहे."

"जमीन तीच आहे. काल सरळ होती."

मग बाई उठत आणि मालकांच्या हातावर भार टाकून त्या पट्ट्यावर उतरत. पहिल्या दिवशी चार पावले झाली. नंतर सात, अकरा. सव्विसाव्या पावलाला त्यांनी तारेला हात लावला, त्या दिवशी मालकांनी मला फडक्याने पुसले. यंत्राच्या आयुष्यात यापेक्षा मोठी बढती नसते.

इतके सगळे ठीक चालले होते. मग शेजारच्या मास्तरांचे कुंपण छाटायचे यंत्र चोरीला गेले.

मास्तर म्हणजे शाळेतले कवायतीचे मास्तर, आवाज शिट्टीसारखा. त्यांनी कुंपणावरून सगळ्या गल्लीला ऐकवले, "पाच मिनिटं! फक्त पाणी प्यायला आत गेलो. येऊन बघतो तर वायरसुद्धा शिल्लक नाही!"

त्या दिवसापासून मालकांनी माझ्या रक्षणाचे काम हाती घेतले. ते ज्या कामाला हात घालत, त्याचा पिच्छा पुरवत. मनगटाएवढी साखळी आणली, मुठीएवढे कुलूप आणले, आणि मला पडवीतल्या नळाच्या पाइपाला जखडले. कुलपाचा फोटो काढून ठेवला. फाटकावर पाटी लावली : 'येथील गवत कापायचे यंत्र साखळीने बांधलेले आहे. प्रयत्न करू नये.'

बाई पाटी वाचून म्हणाल्या, "कालपर्यंत गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं आपल्याकडे मशीन आहे. आता वाचता येणाऱ्या सगळ्यांना कळलं."

"चोराला धाक बसतो."

"चोराला पत्ता मिळतो."

मी साखळीत होतो, माझे मत कोणी घेतले नाही. खरे सांगायचे तर कुलूप लागेपर्यंत मला भीती म्हणजे काय ते माहीत नव्हते. आपल्याला बांधून घातले की मगच कळते, बाहेर कोणीतरी आहे. फाटक वाजले की माझ्या टाकीतले पेट्रोल हिंदकळे. मांजर पत्र्यावरून गेले तरी वाटे, आले!

या बंदोबस्ताचा कळस म्हणजे पावती. कार्यालयात मालकांचे एकच तत्त्व होते : ज्या प्रकरणाचा कागद, तो त्याच प्रकरणात राहिला पाहिजे, फाइलीतून बाहेर पडला की मेला. त्याच तत्त्वाने त्यांनी माझी पावती, हमीपत्र आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी यांची गुंडाळी केली, प्लॅस्टिकमध्ये घातली आणि माझ्या हँडलच्या पोकळ नळीत सरकवून वर रबरी बूच दाबले.

"कपाटात ठेवा की," बाई म्हणाल्या.

"कपाटात शोधावं लागतं. मशीन काय, समोरच असतं."

"आणि मशीनच गेलं तर?"

"साखळी आहे ना."

"बरं," बाई म्हणाल्या. हे 'बरं' मी एव्हाना ओळखू लागलो होतो. ते 'नाही'पेक्षा वाईट असते.

दर मंगळवारी मालक बाईंना दवाखान्यात नेत. टपालवाल्याची गैरसोय नको म्हणून त्यांनी फाटकावर दुसरी पाटी लावली होती : 'मंगळवारी घर साडेबारापर्यंत बंद असते. पत्रे खिडकीत टाकावीत.' असा व्यवस्थित माणूस चोरांना जन्मात भेटला नसेल.

मंगळवारी अकराच्या लख्ख उन्हात दोघे आले. एकाच्या डोक्यावर टोपी, दुसऱ्याच्या हातात मोठा पाना. टोपीवाल्याने साखळी उचलून पाहिली. "भारी घेतलीय रे काकांनी."

पानेवाला म्हणाला, "साखळीला कोण हात लावतंय? नळ सोडव."

त्याने सांधा फिरवला. पाइप सुटला, साखळीचा वेढा अलगद खाली पडला आणि पाण्याची धार छतापर्यंत उडाली. मी नखशिखांत भिजलो. ओरडावे म्हटले, पण माझी दोरी ओढल्याशिवाय माझा आवाज निघत नाही, आणि दोरी ओढायला कोण येणार?

पाण्याचा आवाज ऐकून मास्तर कुंपणाशी आले! मला वाटले, सुटलो.

"कोण आहे रे तिकडं?"

"नळवाले आहोत, काका," टोपीवाला म्हणाला. "पाइप फुटलाय. मशीन भिजायला नको म्हणून दुकानावर नेऊन ठेवतोय. जरा हात लावता का?"

मास्तर धावत आले. "असं नाही उचलायचं! कमरेत उसण भरेल. गुडघ्यात वाका, पाठ सरळ. एक, दोन, हं!" आणि स्वतःच्या चोरीवर महिनाभर बोंब मारणाऱ्या त्या सज्जनाने मला कवायतीच्या शिस्तीत चोरांच्या टेम्पोत चढवले. वर म्हणाले, "जपून न्या, त्यांचा फार जीव आहे त्याच्यावर."

मला नेले त्या जागी एकही यंत्र पूर्ण नव्हते. एका कोपऱ्यात चाकांचा ढीग, दुसऱ्यात इंजिने, भिंतीला टेकवून हँडलेच हँडले. मी ते पाहिले आणि माझ्या बोल्टांची पकड सैल झाली. टोपीवाल्याने आल्या आल्या पोटाखालची क्रमांकाची पट्टी उचकटली आणि एका डब्यात टाकली. डब्यात तशा पुष्कळ पट्ट्या होत्या.

"इंजिन चांगलंय," तो म्हणाला. "हँडल उद्या काप. उगाच जागा खातं."

हँडल! पट्टी गेली, क्रमांक गेला. मी कोणाचा हे सांगणारा जगातला एकमेव कागद त्या नळीत होता. ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका. सकाळी पानेवाला करवत घेऊन माझ्यासमोर आला, पात्याला बोट लावून पाहिले, आणि "चहा घेऊन येतो" म्हणून बाहेर गेला. त्याच्याऐवजी पोलीस आत आले. चहाचे माझ्यावर असे उपकार आहेत.

पंचनामा झाला, आणि माझ्या हँडलाला दोरा गुंडाळून त्यावर लाखेचे सील ठोकले. ते नेमके बुचावरून ठोकले.

मालक चौथ्या दिवशी आले. मला पाहताच म्हणाले, "हेच! हेच माझं!"

चौकीत जप्त वस्तू सांभाळणारा एक कारकून आहे, मऊ स्वभावाचा. तो म्हणाला, "पुरावा काय, काका? याला नंबर नाही."

"पावती आहे."

"दाखवा."

"याच्या हँडलात आहे. बूच काढलं की मिळेल."

कारकुनाने बुचावरच्या लाखेवर बोट ठेवले. "सील तोडायला साहेबांचा हुकूम लागतो. हुकमासाठी अर्ज करा. अर्जाला मालकीचा पुरावा जोडा."

"पुरावा आत आहे."

"कळलं मला. फोटोबिटो?"

"आहे. कुलपाचा."

"दुकानातून पावतीची नक्कल मिळेल?"

"दुकान बंद झालं. तिथे आता चष्मे विकतात."

"काका, मशीन तुमचंच असणार. मला पटतंय. पण फॉर्मात पटण्याचा रकाना नाही."

मला वाटले, आता मालक भांडतील. भांडले नाहीत. एकतीस वर्षे ते टेबलाच्या त्या बाजूला बसले होते, आणि किती जणांना त्यांनी हेच वाक्य ऐकवले असेल याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

चोरांच्या करवतीला मी इतका भ्यालो नव्हतो. ज्याने मला सोडवायचे, त्यालाच मला अडकवून ठेवण्याचे कारण पटलेले!

पहिला अर्ज गेला. 'मूळ पावती जोडलेली नाही' म्हणून परत आला. मालकांनी लिहिले, 'मूळ पावती आपल्याच ताब्यात आहे.' उत्तर आले, 'तसे आढळल्यास कळवावे.' मग स्मरणपत्रे सुरू झाली. दर आठवड्याला मालक येतात, दुरूनच मला पाहतात. मध्ये एकदा कारकुनाला म्हणाले, "मागे गवत परत गुडघ्यापर्यंत आलंय. मजूर मिळत नाही, विळा मला झेपत नाही. ती आता खोलीतच चालते. नऊ पावलं, की भिंत."

इकडे उन्हाने माझ्या बुचाला चीर गेली आहे. पाऊस आला की मी प्रत्येक थेंब मोजतो. प्लॅस्टिक टिकले असेल का? तो दोनदा मारलेला शिक्का अजून वाचता येईल का? मला काही दिसत नाही. पावती माझ्याच पोटात, आणि मलाच माहीत नाही. शिवाय मालकी सिद्ध न झालेल्या वस्तू पुढच्या महिन्याच्या अखेरीस भंगारात काढणार, अशी यादी भिंतीवर लागली आहे. मी त्यात सतरावा.

गेल्या आठवड्यात बाई स्वतः आल्या. फाटकापासून माझ्यापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी माझ्या हँडलावर हात ठेवला, तो त्यांचा डावा हात होता.

"काय रे बाळा," त्या कारकुनाला म्हणाल्या, "हे बूच काढायचं आणि बघायचं. एवढंच ना?"

"आजी, सील आहे."

"मग मी काढते."

"गुन्हा होईल, आजी."

"होऊ दे. कागदावर लिहावं तर लागेल ना, कुणाच्या मशीनचं बूच काढलं म्हणून?"

मालकांनी त्यांचा हात धरला. "अगं, नियम आहे तो."

बाई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. "तुमच्या नियमानं माझी सव्वीस पावलं नेली हो."

मालकांनी बाईंना सावलीत बाकावर बसवले आणि आत जाऊन कोरा कागद मागितला. नेहमी ते अर्ज घरून लिहून आणतात, खाली 'सोबत' म्हणून जोडलेल्या कागदांची यादी असते. या वेळी उभ्या उभ्या लिहिले. कारकुनाने मोठ्याने वाचले म्हणून मला कळले. 'सोबत काही जोडलेले नाही. माझ्याकडे पुरावा नाही. यंत्र माझे आहे आणि माझ्या पत्नीला चालायचे आहे. कृपया बूच काढून पाहावे.'

कारकुनाने कागद दोनदा पाहिला. म्हणाला, "असा अर्ज वर टिकत नाही, काका."

"मला माहीत आहे," मालक म्हणाले. "मीच असे कित्येक परत पाठवलेत. तरी पाठवा."

तुमच्या घरी माझ्या जातीचे कोणी असेल तर त्याला बांधा, झाका, कुलूप लावा, आमची हरकत नाही. फक्त त्याचा कागद त्याच्या पोटात ठेवू नका, आणि तुम्ही घरी कधी नसता ते फाटकावर लिहू नका. आम्हाला ओरडता येत नाही.

मालकांचा शेवटचा अर्ज गेल्या मंगळवारी साहेबांच्या टेबलावर गेला. साहेब दौऱ्यावर आहेत. भंगाराची तारीख बदललेली नाही. अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.